गुन्ह्यांचा दर आणि वस्तीची सुरक्षितता : गिरणगावाच्या साहित्याच्या संदर्भात

मुंबईच्या गिरणगावाविषयीचे मराठी ललित लेखन आणि नागरी गुन्हेगारीची शासकीय आकडेवारी ही दोन साधने अभ्यासक सहसा शेजारी ठेवून पाहत नाहीत. पहिले साहित्याच्या अभ्यासक्रमात जाते, दुसरे समाजशास्त्राच्या. या विभागणीमुळे दोन्ही बाजूंचे नुकसान झाले आहे. वस्ती सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आकड्याने दिले की ते अंतिम मानले जाते. आणि कथा-नाटकांतील हिंसेकडे केवळ 'दाहक वास्तव' म्हणून पाहिले जाते. 'दाहक वास्तव' हा शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत इतका झिजला आहे, की त्याने आता काहीच स्पष्ट होत नाही.

प्रथम आकड्याविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची स्थापना 1986 मध्ये झाली. 'भारतातील गुन्हे' ही वार्षिक मालिका मात्र 1953 पासूनची आहे. तीत गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे दिला जातो. एकाच प्रथम खबर अहवालात अनेक अपराध असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर अपराधच मोजला जातो. तक्ते राज्य, जिल्हा आणि महानगर या पातळीवरचे असतात. चाळ, गल्ली, नाका त्यांत कोठेच नसतात. वस्तीचा दर काढायचे ठरविले तरी छेदस्थानी कोण घ्यावयाचे, हा पेच उरतोच. लोअर परळसारख्या भागात दिवसा लाखो माणसे कामासाठी येतात. गुन्हा त्यांच्याबाबत घडला तरी भागाकार रहिवाशांच्या संख्येने होतो. शिवाय दर मोजतो तो नोंदविलेला गुन्हा. दखलपात्र अपराधाची खबर मिळताच गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सांगावे लागले, यातच पुष्कळ आले. तक्रार घेण्यास तत्पर असलेल्या ठाण्याची हद्द कागदावर अधिक गुन्हेगार दिसते. अशा आकड्यावरून वस्तीला एकदा नाव पडले, की ते तेथील तरुणाला नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याची खोली शोधताना आणि सोयरीक जुळविताना पुरून उरते.

आता साहित्याकडे वळावे. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर 1960 च्या दशकात जो वाद झाला, तो अश्लीलतेच्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला. त्यामुळे या कृतीतील नाका ही एक सामाजिक संस्था आहे, हे दुर्लक्षित राहिले. पोक्या आणि त्याचे सोबती दिवसचे दिवस तेथे उभे असतात. कोण आले, कोण गेले, कोणाच्या घरात काय शिजते, हे सारे त्यांना ठाऊक असते. जेन जेकब्ज या लेखिकेने 1961 मध्ये अमेरिकी शहरांविषयी लिहिताना रस्त्यावरील डोळे हे सुरक्षिततेचे मुख्य साधन मानले होते. 'वासूनाका' वाचताना या प्रतिपादनाला एक अप्रिय पुस्ती जोडावी लागते : डोळे कोणाचे, हा प्रश्न विचारल्याखेरीज सुरक्षितता ठरत नाही. नाक्यावरची नजर परक्याला रोखते आणि वस्तीतल्याच मुलीवर पाळत ठेवते. एकाच नजरेची ही दोन कामे आहेत.

हे द्वैत केवळ कादंबरीकाराचे निरीक्षण नाही. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाच्या सामाजिक जीवनात 'दादा'चे स्थान दाखविले आहे. आखाडा, उधारी, संपाच्या काळातील जमवाजमव अशा अनेक धाग्यांनी दादा वस्तीशी बांधलेला होता. त्याचे संरक्षण हवेसे होते आणि त्याची भीतीही होती. पोलिसी नोंदवहीला यांतील एकच बाजू दिसते.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (1997) या नाटकाचे मोल या ठिकाणी कळते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपाने उद्ध्वस्त केलेल्या एका चाळीच्या खोलीत नाटक घडते. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटमध्ये बुडालेला मोहन, गुंडगिरीकडे ओढला गेलेला नरू, त्यांची बहीण मंजू आणि या सर्वांना धरून ठेवणारी आई. नरूला वेगळा काढून 'गुन्हेगारीकडे वळलेला तरुण' म्हणून वाचणे हा सोपा मार्ग आहे आणि बहुतेकदा तोच पत्करला जातो. परंतु नाटककाराने त्याला भावंडांच्या रांगेतच ठेवले आहे. गिरणी गेल्यानंतर प्रत्येकजण काहीतरी पकडू पाहतो, त्यांतले नरूच्या हाती लागलेले तेवढे दंडसंहितेत बसते. घरातील असुरक्षितता त्याच्यापासून सुरू होत नाही. ती पगाराचा दिवस नाहीसा झाला तेव्हाच सुरू झालेली असते, आणि तिची खबर कोणत्याही ठाण्यात देता येत नाही.

रॉबर्ट सॅम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतील 343 वस्त्यांच्या अभ्यासातून 1997 मध्ये असे दाखविले, की शेजाऱ्यांतील परस्परविश्वास आणि प्रसंगी मध्ये पडण्याची तयारी जेथे अधिक, तेथे हिंसा कमी आढळते. गिरणगावात हा विश्वास मोठ्या प्रमाणावर पाळी, युनियन, खानावळ आणि भजनी मंडळ यांतून घडला होता. तथापि, या आधारे जुन्या चाळीचे गोडवे गाणे योग्य ठरणार नाही. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासात (2004) गिरणगावाचे बहुविध आवाज ऐकू येतात. त्या मानाने ललित साहित्यातील स्त्रियांचा आवाज क्षीण आहे. 'अधांतर'मधील आई सर्वांचे सोसते. पण रात्री सार्वजनिक नळाकडे वा संडासाकडे जाणाऱ्या बाईची भीती हा या साहित्याचा विषय क्वचितच झाला. ज्या समीक्षेने 'वासूनाका'तील शब्दांवर एवढा खल केला, तिलाही ही उणीव फारशी जाणवली नाही.

विकास नियंत्रण नियमावलीतील कलम 58 मध्ये 2001 साली बदल झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तो वैध ठरविला. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे, मॉल आणि कार्यालये यांची दाटी वेगाने वाढली. फाटकावर पहारेकरी आले, कॅमेरे आले. सुरक्षिततेची ही कल्पना चोर बाहेरून येतो, या गृहीतकावर उभी आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणे जुन्या गिरणगावातली. पहिल्या घटनेतील मृत्यू गुन्ह्यांच्या तक्त्यात शोधावयाचे नसतात, ते अपघाती मृत्यूंच्या तक्त्यात जातात. दुसऱ्या घटनेत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविला गेला. परंतु दराच्या गणितात मोजली जातात ती प्रकरणे, माणसे नव्हेत.