उंबऱ्यावरचे दगड

आज ग्रंथ बाजूला ठेवून एका चित्रपटाबद्दल बोलू. जेसी आयझेनबर्गचा 'अ रिअल पेन', 2024 सालचा, जेमतेम दीड तासाचा. शीर्षकात श्लेष आहे बघा. खरंखुरं दुःख, आणि घरात एखादा असतो ना 'डोक्याला ताप', तोही.

डेव्हिड आणि बेंजी हे अमेरिकेतले ज्यू चुलतभाऊ. नाझींच्या तावडीतून वाचलेली त्यांची आजी नुकतीच गेली आहे. तिनेच मागे ठेवलेल्या पैशांतून दोघे पोलंडला जातात, तिचं घर बघायला. डेव्हिड व्यवस्थित, नोकरी-संसारवाला, जरा भित्रा. बेंजी (कीरन कल्किन, ऑस्कर मिळालं त्याला, आणि योग्यच मिळालं) लाघवी, तोंडाळ, आतून मोडलेला. सहा महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या खाऊन जीव द्यायचा प्रयत्न केलेला आहे.

आगगाडीत पहिल्या वर्गाच्या डब्यात बसल्यावर बेंजी बिथरतो. आपल्या पूर्वजांना गुरांसारखं कोंबून नेलं आणि आपण इथे मऊ खुर्च्यांवर? पहिल्यांदा पाहताना आम्हाला हे नाटकी वाटलं. पण लुब्लिनच्या जुन्या कबरस्तानात तो गाइडला म्हणतो की माहिती पुरे, ही खरी माणसं होती. तिथे आम्ही चपापलो. तीसेक वर्षं आम्हीही वर्गात दुःखाची मीमांसा अशीच केली. व्याख्या, आकडे, सनावळी. कोणी बेंजी उठला नाही एवढंच.

दिग्दर्शकाने मात्र ते ऐकलंय. चित्रपटभर शोपँचा पियानो वाजतो, आणि मायदानेकच्या छळछावणीत तो थांबतो. ही छावणी लुब्लिन शहराच्या अगदी कडेला आहे. तिथे सुमारे 78 हजार माणसं मारली गेली, बहुसंख्य ज्यू. कॅमेरा फक्त खोल्या आणि जोड्यांचे ढीग दाखवतो. परतताना बसमध्ये बेंजी रडतो.

आता प्रश्न असा, की हे रडणं कोणाचं? आजीच्या दुःखाचं की स्वतःच्या? आमच्या मते बेंजीला ते वेगळं करता येत नाही. डेव्हिडला येतं, फार चांगलं येतं. आपलं दुःख सामान्य आहे, त्याचा भार इतरांवर कशाला, असं तो मानतो. म्हणून तर तो गोळ्या घेऊन ठाकठीक जगतो. कोणाचं बरोबर, हे चित्रपट सांगत नाही, आणि आम्हालाही सांगता येणार नाही.

मग ते घर येतं. अगदी साधं, उसासा टाकावा असंही नाही. कबरीवर दगड ठेवायची ज्यू रीत आहे, तसे हे दोघे दारात दगड ठेवतात. समोरचा म्हातारा शेजारी ओरडतो. त्याचा मुलगा भाषांतर करून सांगतो, इथे एक आजीबाई राहतात, अडखळून पडतील. दोघे निमूट दगड उचलतात.

आम्ही हसलो, आणि मग हसू गळ्यातच राहिलं. आमच्या आजोबांचं गावातलं घरही विकलं गेलं. पण आम्ही गेलो तेव्हा नव्या मालकांनी आत बोलावून चहा पाजला होता. त्या घरातून आम्हाला कोणी हाकललं नव्हतं, हा फरक केवढा!

तक्रार एकच. पोलिश माणसांना या चित्रपटात जवळजवळ तोंडच नाही. तो शेजारी बोलतो, तेवढंच.

डेव्हिड आपला दगड घरी नेऊन न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या दारात ठेवतो. बेंजी विमानतळावरच बसून राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत.