'हाडांचा फोटो' पुरेसा आहे का?

क्ष-किरणांची ओळख वर्गात बहुधा 'हाडांचा फोटो काढणारे किरण' अशी करून दिली जाते. रंटगेन यांनी १८९५ मध्ये हे किरण शोधले आणि पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, एवढे सांगितले की धडा संपतो. या ओळखीवर आमचा आक्षेप आहे. ती खोटी नाही, अपुरी आहे. ते अपुरेपण कुठे नडते हे ईमूच्या उदाहरणावरून समजते.

ईमूपालनाची लाट महाराष्ट्रातही येऊन गेली. २०१२ मध्ये तमिळनाडूतील पेरुंदुराईची योजना कोसळली आणि हा धंदा बदनाम झाला. पण त्यामुळे माणसाएवढा उंच, न उडणारा हा पक्षी अनेकांनी जवळून पाहिला. शहामृगाप्रमाणे त्यालाही चमकेल ते गिळायची खोड असते.

समजा, शिरूर अनंतपाळच्या एखाद्या शेतकऱ्याचा ईमू खाईनासा झाला आणि त्याने तो जिल्ह्यातल्याच उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेला. क्ष-किरण चित्रात गिळलेला खिळा पांढराशुभ्र दिसेल. शेजारी खडेही पांढरे दिसतील. पण ते आजाराची खूण नव्हेत. पक्ष्याला दात नसतात, म्हणून पेषणीत अन्न दळण्यासाठी तो खडे गिळतोच. उलट, वाट अडवून बसलेली प्लॅस्टिकची पिशवी जवळजवळ दिसणारच नाही, कारण ती किरणांना फारसे अडवत नाही. हवेने भरलेले वायुकोश काळे दिसतील. सोनोग्राफी करावी, तर हवेपलीकडचे तिला दिसत नाही.

म्हणजे हा फोटो नव्हे, सावली आहे. सावलीला खोली नसते. खिळा पोटात आहे की पिसांत अडकला आहे, हे एका चित्रावरून ठरत नाही. दुसऱ्या बाजूनेही चित्र घ्यावे लागते. पुढे लाथ झाडणाऱ्या ईमूला त्यासाठी स्थिर ठेवणे सोपे नाही. पण वाचनात चूक झाली, तर नको ती शस्त्रक्रिया होते किंवा हवी ती राहून जाते.

हे वर्गात दाखवायला यंत्र लागत नाही. विजेरीच्या प्रकाशात पेन्सिल आडवी धरा, मग तिचे टोक विजेरीकडे करा. एकदा लांब रेघ दिसेल, एकदा ठिपका. गावरान कोंबडीचा पेटा मिळाला तर चिरून आतले खडेही दाखवा. मग विद्यार्थ्यांना विचारा: चित्रात जे दिसत नाही, ते नाहीच असे म्हणता येईल का?