बिनबोभाट

समीक्षा लिहायची तर दोष सापडला पाहिजे, आणि विनोदी लेख लिहायचा तर फजिती झाली पाहिजे. या दोन्ही बाबतींत माझा जो विश्वासघात झाला, त्याची ही कैफियत आहे. मी घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंटची बाविसावी आवृत्ती चढवली, आणि ती चढली. हूं नाही की चूं नाही. आता लिहू काय, कपाळ?

हा संगणक मुळात माझ्या वडिलांचा. अण्णा शेवटपर्यंत त्यावर घरखर्च लिहीत. अण्णा गेले, संगणक राहिला. पुढे तो रखडायला लागला तेव्हा दुरुस्तीवाल्या पोराला बोलावले. त्याने तो उघडून पाहिला आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलावे तशा आवाजात म्हणाला, "काका, याच्यावर नवीन काही चालायचं नाही. बारा वर्षं झाली. भंगारात द्या." एवढे बोलून त्याने माझ्या टकलाकडे पाहिले. माझे वय अठ्ठेचाळीस. कारकुनी सव्वीस वर्षांची. मी लगेच त्या संगणकाच्या बाजूचा झालो.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, लिनक्स टाका."

"कितीला पडेल?"

"फुकट आहे."

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. प्रत्येक 'नावे'ला कुठेतरी 'जमा' असते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी खातेदाराची करावी तशी चौकशी सुरू केली. तेव्हा कळले की हे एकत्र कुटुंब आहे. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला. १९९३ साली डेबियन झाले, त्याच्या आधाराने २००४ साली उबुंटू, आणि उबुंटूच्या आधाराने २००६ साली क्लेमाँ लफेव्र यांचे मिंट. प्रत्येकाने आधीच्याचे घेतले, त्यात आपले घातले आणि पुढच्यासाठी दार उघडे ठेवले. भाऊबंदकी असेलही, पण वाटणीचा दावा कोर्टात न जाता कुटुंब वाढत गेले, हे आपल्याकडे ऐकूनच विश्वास बसायचा नाही.

मिंटच्या प्रत्येक आवृत्तीचे बारसेही होते. पहिली 'एडा'. तेव्हापासून सगळी बायकांची नावे, आणि शेवट 'आ'कारान्त. जुलै २०२४ मध्ये आली ती 'विल्मा'. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळायच्या आहेत. आमच्या शेगडीची हमी एक वर्षाची होती, तीही बर्नर सोडून.

श्रावणातल्या एका रविवारी मुहूर्त धरला. सुमारे तीन जीबीची फाईल उतरवली आणि पहिल्याच पायरीला मी विल्माच्या प्रेमात पडलो. कारण तिथे सही पडताळायची असते! मिंटवाले फायलीबरोबर चौसष्ट अक्षरांची एक खूण जाहीर करतात. आपल्याकडे आलेल्या फायलीवरून संगणक तीच खूण नव्याने काढतो. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. त्या खुणांच्या यादीवर पुन्हा डिजिटल सही असते, तीही तपासता येते. बहुतेक लोक ही पायरी गाळतात म्हणे. गाळू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात शिरून कुणीतरी लोकांना बनावट फायलीकडे वळवले होते. मी दोन्ही खुणा छापून घेतल्या आणि लाल पेनने एकेका अक्षरावर टिक केली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे कॉम्प्युटर एका सेकंदात करतो." मी म्हटले, "चेक पास करायची सवय आहे मला. घाई नको."

दुसरा गुण असा की पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की आतल्या चकतीला हात न लावता विल्मा वापरून पाहता येते. वायफाय लागतो का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का. घर विकत घेण्याआधी चार दिवस बिऱ्हाड करून पाहायची ही सोय फारच सभ्य आहे.

आता दोष. शोधून काढलेत, तेव्हा मोठ्याने सांगतो. पहिला, भाषेचा. मी यादीतून मराठी निवडली. थोडे मराठीत, थोडे इंग्रजीत, असा कारभार पुढे आला. आमच्या बँकेतल्या फॉर्मांचे भाषांतर करणारे गृहस्थ तिकडेही जातात की काय, अशी शंका आली. दुसरा, गावाचा. पृथ्वीच्या नकाशावर गाव विचारले. मी ठाण्यावर बोट ठेवले, तर उत्तर आले कोलकाता! वेळ एकच असल्यामुळे मी भांडलो नाही.

तिसरा दोष मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुने सगळे पुसून नवे चढवायचे, की शेजारी जागा करून द्यायची, हा साऱ्या कामातला एकच जीवघेणा प्रश्न. मी पुसायचे ठरवले. 'सगळी कागदपत्रे, फोटो नष्ट होतील' अशी सूचना आली, ती योग्यच. पण शेवटची संमती घेताना यंत्र एकदम 'एससीएसआय १' आणि 'एसडीए' असे बोलू लागले. सातबाराच्या उताऱ्यात तरी यापेक्षा जास्त माणुसकी असते. ज्या क्षणी माणसाचा हात थरथरतो, त्या क्षणी त्याच्याशी सोपे बोलावे.

माझा हात थरथरत होता. अण्णांच्या फायली मी आदल्या रात्री दोन पेनड्राइव्हवर उतरवून, मोजून ठेवल्या होत्या. एकूण ४१२. तरी बटण दाबवेना. शेवटी आतून आई म्हणाली, "अरे, दाब. पोहे गार होतायत."

दाबले. पोहे संपले, चहा झाला, काम झाले. फजिती पाहायला आलेले शेजारी "एवढंच?" म्हणून हिरमुसले आणि उठले. मीही हिरमुसलो होतो. मग लक्षात आले, सुरळीत म्हणजे आपोआप नव्हे. दिवसाअखेरीला आमची रोकड जुळते तेव्हा खातेदाराला त्यात बातमी दिसत नाही. दोन रुपये कमी आले की बोभाटा. कुणीतरी कुठेतरी रात्री जागून बेरीज जुळवलेली असते. फुकटाची 'जमा' बाजू मला सापडली ती ही. मी मिंटवाल्यांना देणगी पाठवली, पावतीसकट वहीत लिहिली.

मग अण्णांच्या फायली परत ठेवल्या. ४१२. शेवटची उघडली. एक जोडाक्षर मोडले नव्हते. दूध, रिक्षा, नातवाला पेन. खाली लिहिले होते, 'फरक रु. २. उद्या पाहू.'

तो फरक मी शोधतो आहे. संगणक चालू आहे.