हिम, हिंव आणि हिमकडा

महाकवी कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमाची गणना हिमालयाच्या दोषांत केली आहे, ही गोष्ट आपल्या रसिकांच्या ध्यानातून बहुधा सुटते. अनंत रत्नांच्या त्या खाणीला हिमामुळे उणेपणा येत नाही, गुणांच्या राशीत एखादा दोष बुडून जातो, असे सांगून कवी चंद्रावरील डागाचा दाखला देतो. पुढे त्याच वर्णनात दगडासारख्या घट्ट झालेल्या हिमावरून चालताना किन्नरस्त्रियांची बोटे आणि टाचा दुखतात, आणि हत्ती मारून गेलेल्या सिंहांच्या रक्ताळलेल्या पाउलखुणा हिमाच्या पाझराने धुऊन जातात. गोठलेले हिम आणि पाझरणारे हिम, दोन्ही तेथे आहेत. कोसळणारे हिम मात्र नाही.

हा कवीचा उणेपणा म्हणून आम्ही दाखवीत नाही. महाकाव्य म्हणजे काही पर्वतारोहणाची मार्गदर्शिका नव्हे. परंतु ज्या वाङ्मयाच्या संस्कारावर आपली हिमालयविषयक कल्पना पोसली गेली, त्यात हिम हे सदैव स्थिर आहे, ही गोष्ट टीकाकाराने नोंदली पाहिजे. संस्कृतात मोठ्या हिमराशीला ‘हिमानी’ असा वेगळा शब्द आहे आणि अमरकोशाने तो दिला आहे. पण तीही राशीच, पडून असलेली. मराठी व कोंकणी या दोघी बहिणींकडे पाहावे तर हिम या शब्दाचे त्यांच्या मुखी ‘हिंव’ झाले, म्हणजे थंडी, शहारा. मराठीत त्यातून हिंवताप आला, हिंवाळा आला. पदार्थ गेला आणि नुसती अंगावरची शिरशिरी उरली! समुद्रकाठच्या आणि पठारावरच्या लोकांनी ते पाहिलेच नव्हते, तेव्हा यात नवल नाही. ‘बर्फ’ हा शब्द तर फारसीतून आलेला. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या आमच्या लालबर्ऱ्याला हिवाळ्यात फार तर शेतावर पाला पडावा, एवढीच हिमाशी आमची ओळख.

अशा भाषेला जेव्हा हिमालयातील अपघाताची वार्ता सांगावी लागते, तेव्हा ती काय म्हणते? ‘हिमकडा कोसळला.’ मराठी वृत्तपत्रांत हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की त्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. आमची तक्रार नेमकी या शब्दाविषयी आहे. कडा म्हटला की सह्याद्रीचा वाचक दरड डोळ्यांसमोर आणतो: वरून अकस्मात काही तरी सुटले, खालचा निरपराध मनुष्य सापडला, दैव आडवे आले. हिमाचे कडेही कोसळतात, नाही असे नाही. पण गिर्यारोहकांचा जीव घेणारे हिमस्खलन बहुधा या जातीचे नसते. ते कड्यावरून नव्हे, साधारणतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या, चढण्यास सोयीच्या वाटणाऱ्या उतारावरून सुटते. स्वच्छ, कडाक्याच्या रात्रींत हिमाच्या थराच्या आत कणांचे रूप पालटते. तळाशी साखरेसारखा सुटा, एकमेकांस न धरणारा थर तयार होतो. त्यावर नवे हिम पडते, वारा ते आडोशाच्या अंगाला नेऊन दाबून बसवितो, आणि वर एक घट्ट पाटी तयार होते. ती पाटी पायाला भरवशाची वाटते. तिच्यावर मनुष्याचा भार पडला की खालचा थर खचतो आणि सारा उतार एकदम निघून येतो. अशा अपघातांत दहांपैकी सुमारे नऊ वेळा हिम सुटते ते सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने. तेव्हा ‘कोसळला’ हे क्रियापद कर्त्याची अदलाबदल करते.

ही नुसती शब्दाची काथ्याकूट नव्हे. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी प्रथम पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. आणि प्रत्येक पतनाचे कारण युधिष्ठिर सांगतो ते स्वभावाचे. कोणाला पक्षपात भोवला, कोणाला बुद्धीचा गर्व, कोणाला रूपाचा, कोणाला शौर्याचा, कोणाला खादाडपणा व बढाई. पुराणकथेत हे शोभते, कारण तेथे प्रश्न धर्माचा आहे. पण गढवालातील ज्या शिखराला ‘द्रौपदी का दांडा’ हे नाव आहे, तेथेच ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २९ जण गेले. त्यांत पर्वताची दीर्घ ओळख असलेले शिक्षकही होते. अशा वेळी आपले लेखन युधिष्ठिराचीच रीत उलटी करून चालविते: दोषांऐवजी गुण सांगते. साहस, जिद्द, बलिदान! उताराचा कोन, नवे हिम किती, वारा कोणत्या अंगाने वाहत होता, याविषयी एक ओळ सापडू नये? मृताचा गौरव अवश्य करावा. पण पुढच्या हिवाळ्यात हिमावर पाऊल ठेवणाऱ्या तरुणाला त्या गौरवाचा उपयोग नाही. हिमाखाली दडपलेला मनुष्य पहिल्या दहापंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा एक तृतीयांशावर येते. म्हणजे सुटका करणारे सोबतीच असतात, आणि त्यांच्याजवळ शोधयंत्र, सळई व फावडे नसेल तर जिद्द काय खणणार?

महाराष्ट्रातून पर्वताकडे जाणारे आता थोडे नाहीत. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ साली एव्हरेस्ट आणि २०१९ साली कांचनगंगा गाठले, आणि ऐन हिवाळ्यात केदारकंठाची हिमवाट चालणारी मराठी मुले दरवर्षी दिसतात. काकासाहेब कालेलकरांचे १९२४ साली गुजरातीत प्रसिद्ध झालेले हिमालयप्रवासाचे पुस्तक पुढे मराठी वाचकांनीही आपले मानले. पण ती दृष्टी यात्रिकाची. चढणाऱ्याच्या दृष्टीला लागणारी परिभाषा अजून घडवावयाची आहे. ‘हिमपाटी’, ‘कच्चा थर’ असे साधे शब्द चालतील.

गंमत अशी की जे ज्ञान काव्यात नाही, ते देवळाच्या आचारात आहे. भाऊबीजेला केदारनाथाची दारे बंद होतात आणि उत्सवमूर्ती उखीमठास उतरते; बदरीनाथाची पूजा हिवाळ्यात खाली पांडुकेश्वर व जोशीमठ येथे चालते. मंदिर मिटताना मूर्तीस माणा गावच्या स्त्रियांनी विणलेली लोकरीची कांबळ तुपात भिजवून पांघरतात, आणि मग ते गावही खाली उतरते. हिवाळ्यात वर राहू नये, हा नियम तेथे देवालाही लागू आहे. आमच्या मते हिमाविषयीचे ते सर्वात प्रगल्भ भाष्य होय.

त्याच माणाजवळ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमेवरील रस्त्याच्या कामगारांची छावणी हिमाखाली गेली. ५४ पैकी ८ जण दगावले. उरलेल्यांतील कित्येकजण वाचले ते लोखंडी खोल्यांच्या आत हवा शिल्लक राहिल्यामुळे. हे लोक शिखर जिंकण्यास गेले नव्हते, यात्रेसही नव्हे. देवही ज्या काळात तेथे थांबत नाही, त्या काळात ते रस्ता मोकळा ठेवीत होते. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत साहस हा शब्द कोणी वापरला नाही.