जीप नेमकी कोणाची? ‘महत्त्वाचे टप्पे’ वाचताना

अमेरिकन मोटारींच्या इतिहासातल्या टप्प्यांची कुठलीही यादी उघडा. १९०८ : फोर्डची मॉडेल टी. १९१३ : फोर्डच्याच कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी. १९४१ : विलीजची जीप. वर्ष, नाव, वस्तू, संपलं. पाठ करायला सोपी. आपणही संशोधनाच्या प्रस्तावात ‘पूर्वपीठिका’ म्हणून नेमकं हेच लिहितो. म्हणून आज यातली एकच ओळ तपासू या, जीपची. ती आपल्या ओळखीची आहे. देवरूखला खेड्यापाड्यातून माणसं भरून आणणाऱ्या गाडीला आम्ही सरसकट ‘जीप’च म्हणतो, मग तिच्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं : हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी, नमुना ४९ दिवसांत द्या. ही मुदत पाळायला तयार झाली ती डबघाईला आलेली बँटम ही छोटी कंपनी. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली.

पण बँटमला हजारोंनी गाड्या बनवणं झेपेल यावर लष्कराचा विश्वास नव्हता. म्हणून तिचा आराखडा विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवला गेला. विलीजचं इंजिन जास्त ताकदीचं, म्हणून मोठी ऑर्डर तिला मिळाली. तीच गाडी फोर्डनेही बनवली, आणि जीपची ती सपाट, पत्र्यातून दाबून काढलेली पुढची जाळी मुळात फोर्डची. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्डच्या मिळून सहा लाखांवर गाड्या झाल्या, बँटमच्या तीन हजारसुद्धा नाहीत.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. ‘जीप आम्ही घडवली’ अशा जाहिराती विलीजने केल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर आक्षेप घेतला आणि १९४८ मध्ये हा दावा दिशाभूल करणारा ठरवला. तरी १९५० मध्ये ‘जीप’ हा ट्रेडमार्क विलीजच्याच नावावर नोंदला गेला. याद्या करणाऱ्यांनी बहुतेक वेळा ट्रेडमार्क पाहिला, निकाल नाही.

मग ‘१९४१ : विलीज’ ही ओळ चूक आहे का? नाही. मोठ्या उत्पादनाबद्दल ती बरोबरच आहे. दोष एवढाच की ती कशाबद्दल बोलतेय हे सांगत नाही. आराखडा, पहिला नमुना, मोठं उत्पादन, नावाची मालकी : चार प्रश्नांना चार वेगळी उत्तरं आहेत, आणि यादी त्यांचं एकच करून टाकते.

दुसरा दोष म्हणजे यादी वस्तू जन्मली की थांबते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. लढाईसाठी काढलेली गाडी पुढे आपल्याकडे सरकारी साहेबांची झाली, मग प्रवासी वाहतुकीची. डेव्हिड एजर्टन हा इतिहासकार म्हणतो की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखांवरून नाही, वापरावरून लिहावा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाहतुकीवर उद्या कोणी काम करणार असेल, तर त्याचा खरा टप्पा डेट्रॉईटच्या कुठल्याच यादीत सापडणार नाही. तो त्याला इथल्या परवान्यांच्या नोंदींत आणि जुन्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात शोधावा लागेल.

याद्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. नव्या विषयात शिरताना त्या लागतातच. फक्त आपल्या मसुद्यातल्या प्रत्येक ‘पहिल्या’पुढे पेन्सिलीने लिहा : पहिलं म्हणजे काय? हे कोणी सांगितलं? त्यात त्याचा काय फायदा होता? माझ्या पहिल्या मसुद्यात अशा अकरा ओळी होत्या. हे प्रश्न विचारल्यावर चार उरल्या, आणि गळालेल्या सातांपैकी एकीतूनच मला माझा प्रबंधाचा प्रश्न मिळाला.