तुमची प्रत कोणती? ‘स्टार वॉर्स’, त्याचे चाहते आणि आपली पाठचिकित्सा

पेट सुटली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलात. विषय सिनेमाचा असेल तर ‘प्राथमिक साधने’ या मथळ्याखाली सिनेमांची नावं आणि वर्षं टाकणार. समजा त्यात एक ओळ अशी आहे: ‘स्टार वॉर्स (१९७७), दिग्दर्शक जॉर्ज लुकास’. साधी ओळ, कुणी अडवणार नाही. पण मी परीक्षक असते तर तिथेच विचारलं असतं, तुम्ही पाहिलात तो सिनेमा १९७७ चा आहे हे कशावरून?

२५ मे १९७७ ला अमेरिकेत लागलेला हा सिनेमा लुकासने त्यानंतर पुन्हा पुन्हा उघडला. १९८१ मध्ये सुरुवातीला पडद्यावर वर सरकत जाणाऱ्या मजकुरात ‘एपिसोड ४, अ न्यू होप’ हे शब्द आले. १९९७ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून ‘स्पेशल एडिशन’ निघाली. तिच्यात संगणकावर केलेले प्राणी आले, वाढवलेलं गाव आलं, स्फोटांना नव्या कड्या आल्या. मग २००४ ची डीव्हीडी, २०११ ची ब्लू-रे, २०१९ मध्ये डिस्ने प्लस. दरवेळी काहीतरी बदललं. जुनी आवृत्ती २००६ मध्ये डीव्हीडीवर जोडडिस्क म्हणून दिली, तीही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून. आजच्या टीव्हीवर ती लावलीत तर चारही बाजूंना काळं आणि मधोमध धूसर चित्र. २००४ मध्ये लुकास एका मुलाखतीत म्हणाला होता की त्याच्या लेखी जुना सिनेमा आता उरलेलाच नाही. गंमत म्हणजे हाच माणूस १९८८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससमोर गेला होता, जुने कृष्णधवल सिनेमे रंगवणाऱ्या आणि त्यांची मोडतोड करणाऱ्यांच्या विरोधात साक्ष द्यायला.

बदल किती आणि कुठले, याच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने आहेत. मी एकाच प्रसंगावर थांबते. मोस आयझली या गावातल्या गुत्त्यात हान सोलो बसलाय आणि ग्रीडो नावाचा सुपारीबाज त्याच्यावर पिस्तूल रोखून समोर. १९७७ मध्ये हान बोलता बोलता टेबलाखालून गोळी घालतो. गोळी एकच, ग्रीडो आडवा. १९९७ मध्ये आधी ग्रीडो झाडतो, हाताच्या अंतरावरून त्याचा नेम चुकतो, मग हान झाडतो. २००४ मध्ये दोघं जवळजवळ एकदम. २०१९ मध्ये ग्रीडोच्या तोंडी ‘मॅक्लंकी’ असा एक नवाच शब्द आला.

तुमचा चॅप्टर ‘नायकाचं परिवर्तन’ यावर असेल तर हा प्रसंग तुमचा पाया आहे. हा माणूस आधी स्वतःची कातडी वाचवतो, पैसे घेऊन निघून जातो आणि शेवटी परत येतो. त्या परत येण्याला वजन कशामुळे येतं? सुरुवातीला तो थंड डोक्याने मारू शकतो हे आपण पाहिलेलं असतं म्हणून. १९९७ मध्ये तो स्वसंरक्षण करणारा सज्जन होतो, आणि परिवर्तन व्हायला फारसं काही शिल्लकच राहत नाही. म्हणजे एखाद्याने २०१९ ची प्रत पाहून ‘१९७७ च्या नायकात नैतिक संदिग्धता कमी आहे’ असं लिहिलं, तर त्याचं निरीक्षण बरोबर असेल आणि निष्कर्ष साफ चूक.

दुसरं उदाहरण जब्बा द हटचं. हा प्रसंग १९७६ मध्ये चित्रित झाला होता. जब्बाच्या जागी एक साधा माणूस उभा होता. तो प्रसंग कापला गेला. १९९७ मध्ये त्या माणसावर संगणकातला जब्बा चढवून प्रसंग परत घातला. तो पाहताना मला दरवेळी संकलकांची कीव येते. ग्रीडोच्या प्रसंगात जे कळलंय, पैसे थकलेत, माल टाकून दिला, डोक्यावर बक्षीस लागलंय, तेच जब्बा पुन्हा सांगतो. सिनेमाची गाडी तिथे थांबते. मार्शा लुकास, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू यांना याच सिनेमाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं होतं. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही याच सिनेमाला. लाकूड, प्लॅस्टिक, रंगवलेली काच वापरून लोकांनी हाताने केलेलं काम होतं ते. दिग्दर्शकाने ‘माझा सिनेमा आहे, मी बदलीन’ म्हटलं की ही सगळी माणसं त्या ‘माझा’मध्ये गडप होतात. माझा आक्षेप इथे आहे. मालकी कायद्याने कुणाची, हा वेगळा प्रश्न. पुरावा मात्र सगळ्यांचा असतो.

आता चाहत्यांकडे येऊ. ‘फॅन एडिट’ म्हणून सरसकट जे एका पोत्यात भरलं जातं त्यात निदान तीन वेगळी कामं आहेत.

पहिलं म्हणजे ‘द फँटम एडिट’. १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मधली सुमारे १८ मिनिटं काढून, जार जार बिंक्सची बडबड कमी करून माइक निकल्स या संकलकाने हे फिरवलं, २००१ च्या सुमारास ते गाजलं. ही कात्रीने लिहिलेली समीक्षा आहे. तिला ‘मूळ’शी काही देणंघेणं नाही, तिला सिनेमा सुधारायचाय. वाचावी, पण समीक्षा म्हणून.

दुसरं ‘डीस्पेशलाइज्ड एडिशन’. पेत्र हार्माचेक या झेक तरुणाने, चाहत्यांत तो ‘हार्मी’, २०१० च्या आसपास सुरू केलं. पाया म्हणून २०११ ची ब्लू-रे, कारण चित्र तिथे सर्वांत स्वच्छ. मग जिथे जिथे बदल, तिथे तिथे जुना तुकडा शोधून बसवायचा. काही २००६ च्या डीव्हीडीतून, काही जुन्या ३५ मिमी फिल्मच्या स्कॅनमधून, काही चक्क स्थिर छायाचित्रांवरून. कोणता शॉट कुठून घेतला हे दाखवणारा व्हिडिओही त्याने केला.

तिसरं ‘४के७७’. स्वतःला ‘टीम निगेटिव्ह वन’ म्हणवणाऱ्या चाहत्यांनी १९७७ ची एक ३५ मिमी टेक्निकलर प्रिंट स्कॅन केली आणि जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका प्रिंटवरून दिला. टेक्निकलरच्या या प्रिंटांत रंग डाय-ट्रान्स्फर पद्धतीने चढवलेले असतात, ते सहजी उडत नाहीत. त्याच काळातल्या ईस्टमन प्रिंटा मात्र गुलाबी पडत गेल्या. स्कॅनमध्ये ओरखडे आहेत, दाणा जाड आहे. थिएटरात दिसायचं तसंच.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे दोन मार्ग ओळखीचे वाटायला हवेत. १२९० ची ज्ञानेश्वरी तीनशे वर्षं हस्तलिखितांतून फिरत राहिली, पाठ बिघडले, ओव्या घुसल्या. १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून तिचं शुद्धीकरण केलं आणि यापुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये असं बजावलं. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एक पोथी एकनाथपूर्व म्हणून छापली. त्यांचा भर एका जुन्या प्रतीवर. त्या पोथीच्या जुनेपणावर वाद झाले ते झाले. पण प्रश्न तोच आहे: अनेक प्रतींतून बांधलेला पाठ घ्यायचा, की एकच जुनी प्रत, तिच्या डागांसकट?

आणि पुण्यातल्या भांडारकर संस्थेचं महाभारत तर आहेच. १९१९ ला सुरू, १९६६ ला पूर्ण. सुकथनकरांनी त्यात स्पष्ट केलं होतं की हा व्यासांचा मूळ ग्रंथ असल्याचा दावा नाही; उपलब्ध हस्तलिखितांवरून मागे जाता येतं तितकं मागे जाऊन हाती लागलेला पाठ आहे. गणपतीने महाभारत लिहून घेतलं, ही आपल्या सगळ्यांच्या लाडकी कथा या आवृत्तीत मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. म्हणजे काढली, पण फेकली नाही. तुम्हाला हवी असेल तर पान उलटा आणि वाचा.

याच कसोटीवर हार्मीला लावून बघा. कष्ट, चिकाटी, स्रोत जाहीर करण्याचा प्रामाणिकपणा, सगळ्यात पास. पण त्याचा सिनेमा १९७७ मध्ये कुणीही पाहिलेला नाही. इतकं स्वच्छ चित्र तेव्हा कुठल्याच पडद्यावर नव्हतं. चाहत्यांना हवा असलेला, आठवणीतला, धुऊनपुसून ठेवलेला १९७७ आहे तो. बघायला मी तोच लावीन. पुरावा म्हणून ‘४के७७’ घेईन, आणि तीही एकाच प्रिंटची साक्ष आहे हे लक्षात ठेवून.

कारण ‘१९७७ चा मूळ’ हासुद्धा एक नव्हता. ध्वनीची मिश्रणं तीन होती: ७० मिमी प्रिंटांसाठी सहा ट्रॅकचं, ३५ मिमीसाठी स्टिरिओ, आणि मागून तयार झालेलं मोनो. मोनोमध्ये काही संवाद वेगळे, बेरू आत्याचा आवाजसुद्धा वेगळा. दोन गावांतल्या दोन प्रेक्षकांनी त्याच वर्षी थोडे वेगळे सिनेमे ऐकले. चाहत्यांच्या भांडणांत ही गोष्ट लवकर बाजूला पडते, कारण तिथे दुष्ट लुकास आणि पवित्र मूळ अशी वाटणी आधीच झालेली असते. तुम्ही त्या वाटणीत शिरू नका.

मी डिंभ्यात बसून लिहितेय म्हणून एक जवळचा दाखला. आमचा तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावला. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. नाव वर राहिलं, गाव खाली. आता कुणी प्रबंधात नुसतं ‘आंबेगाव’ लिहिलं तर मी विचारणार: गाव की तालुका, धरणाआधीचं की नंतरचं? जुन्या गावात राहिलेली दहा माणसं एकत्र बसवून त्यांच्या आठवणीतून नकाशा काढता येईल, तो छान भरगच्च होईल. जुना गावनकाशा मिळाला तर तो तुटक असेल, पण त्यावर तारीख असेल. अभ्यासाला दोन्ही लागतात. दोन्ही एकमेकांत मिसळून ‘हेच जुनं आंबेगाव’ म्हटलं की घोळ.

यावर एक आक्षेप नक्की येईल, तो चांगला आहे. इथून नारायणगाव जवळ, तमाशाची पंढरी. वग दर रात्री बदलतो, गाव बघून बदलतो, सोंगाड्याच्या लहरीवर बदलतो. तिथे कुणी मूळ संहिता मागत नाही. मग लुकासनेच काय पाप केलं? माझं उत्तर इतकंच, की तमाशात बदल उघड असतो. कालचा खेळ झालाच नव्हता असं फडमालक म्हणत नाही, आणि आजच्या खेळावर कालची तारीख लावत नाही. ओटीटीवर बदललेल्या सिनेमाखाली १९७७ लिहिलेलं असतं.

आपल्याकडेही असं झालंय. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लोकांसमोर आला. त्याची म्हणून आज जी रिळं दाखवली जातात ती १९१७ ला फाळक्यांनीच पुन्हा केलेल्या सिनेमाची आहेत, असं विरचंद धरमसी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलंय. पहिल्या भारतीय कथापटाबद्दल लिहिताना तुम्ही कुठल्या चौकटी बघताय, हे तपासूनच लिहा.

आता व्यवहाराचं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी संशोधन आणि समीक्षा यांसाठी रास्त वापराची सूट आहे. त्याचा अर्थ चाहत्यांची अख्खी प्रत पेनड्राइव्हवर घालून विभागात वाटा, असा होत नाही. हे चाहते स्वतःही आधी अधिकृत प्रत विकत घ्या असं सांगतात. साधनांच्या यादीत नाव, मूळ प्रदर्शनाचं वर्ष, तुम्ही पाहिलेल्या आवृत्तीचं वर्ष, माध्यम आणि पाहिल्याची तारीख, इतकं तरी द्या. वादग्रस्त प्रसंग असेल तर मिनिट-सेकंदही. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची टेक्निकलर प्रिंट पडद्यावर दाखवली. आपल्यापैकी कुणी तिथे नसणार, पण अशा प्रिंटा संग्रहांत जिवंत आहेत हे गाईडला सांगायला उपयोगी पडतं.

आणि गाईड म्हणाले की चाहत्यांची प्रत चालणार नाही, तर वाद घालू नका. २००६ ची ती जोडडिस्क शोधा, जुन्या बाजारात मिळते. चित्र धूसर आहे, पण अधिकृत आहे आणि कुठल्या मास्टरवरून आली ते माहीत आहे. गुत्त्यातली गोळी तिच्यातही एकच आहे.