यादीत न विचारलेला प्रश्न

बरीच वर्षं झाली. नववीतल्या एका मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांकडचा एक छापील कागद माझ्या हातात दिला. वर्गशिक्षकाने भरून द्यायचा. डावीकडे वाक्यं होती : जागेवर बसत नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडतो, हातातलं काम अर्धवट टाकतो, लक्ष चटकन उडतं. उजवीकडे चार रकाने, ‘अजिबात नाही’पासून ‘फारच’पर्यंत. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता मी पाच मिनिटांत तो भरून टाकला. बहुतेक खुणा शेवटच्या रकान्यात पडल्या. त्यातली एकही खूण खोटी नव्हती.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अतिचंचलतेचं निदान झालं, लक्ष एकाग्र होण्यासाठीचं औषध सुरू झालं. तीनेक आठवड्यांत मुलगा रात्र रात्र जागू लागला. सकाळी थकवा म्हणून नाही. आपण ही शाळा विकत घेणार आहोत असं तो शिपायांना सांगू लागला. शेवटी त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं आणि निदान बदललं : उन्माद, म्हणजे द्विध्रुवी विकाराचं वरचं टोक. औषधामुळे हे घडलं की आधीच सुरू झालेलं होतं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण त्यानंतर सहावीत त्याला शिकवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, “तो? अहो, त्याचा तर वर्गात आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही. वह्या बघाव्यात त्याच्या!” हा सारा बदल दिवाळीच्या सुट्टीनंतरचा होता. कागदात ‘किती’ हे विचारलं होतं, ‘कधीपासून’ हे विचारलं नव्हतं. आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

म्हणूनच डिमिट्री आणि जॅनिस पापोलोस या दांपत्याचं ‘द बायपोलर चाइल्ड’ हे पुस्तक मी हातात घेतलं ते केवळ कुतूहलाने नव्हे. डिमिट्री मनोविकारतज्ज्ञ, जॅनिस लेखिका. १९९९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक पालकांनी डोक्यावर घेतलं आणि त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. उपशीर्षकात ते स्वतःला निर्णायक आणि धीर देणारं म्हणवतं. धीर ते खरंच देतं. ‘निर्णायक’बद्दल मात्र बोलायला हवं.

आधी दोन विकारांची ओळख. अतिचंचलता व अवधान-अभावाचा विकार (एडीएचडी) हा लहानपणापासूनचा असतो. तो मुलाच्या स्वभावाइतकाच सलग चालतो : पहिलीत, तिसरीत, घरी, शाळेत, सोमवारी आणि शनिवारीही. द्विध्रुवी विकाराचं तसं नाही. त्यात काही आठवडे वा महिने उन्मादाचे, काही नैराश्याचे, आणि मधल्या काळात माणूस बराचसा पूर्ववत. तो पाळ्यापाळ्यांनी येतो. घोटाळा असा की उन्मादाची पाळी चालू असताना त्या मुलाचं एक दिवसाचं छायाचित्र काढलं, तर ते अतिचंचल मुलाच्या छायाचित्रासारखंच दिसतं. भराभर बोलणं, लक्ष उडणं, चुळबुळ ही तीन लक्षणं दोन्ही याद्यांमध्ये जशीच्या तशी आहेत.

आता पुस्तकाचं श्रेय. ज्या काळात मुलाच्या संतापाचं खापर सरळ आईच्या माथी फुटत होतं, त्या काळात त्याने पालकांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं. तासन्‌तास चालणारे संतापाचे झटके, भयानक स्वप्नं, सकाळी न उठवणं, आईपासून दूर जाताना होणारी घालमेल यांची त्यातली वर्णनं कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जिवंत आहेत. शाळेविषयीचा भाग शिक्षकाने मुद्दाम वाचावा असा आहे. चंचल दिसणाऱ्या मुलात मुळात द्विध्रुवी विकार असेल तर उत्तेजक औषध त्याला बिघडवू शकतं, असं पुस्तक वारंवार बजावतं. माझ्या नववीतल्या मुलाची आठवण ठेवून मी ती पानं दोनदा वाचली.

पण हीच सावधगिरी शिकवताना पुस्तक काय करतं? लक्षणांची यादी वाढवत नेतं. संताप, हट्ट, गोडाची ओढ, कपड्याची शिवण टोचणं, अंथरूण ओलं करणं. तुमच्या वर्गातली चाळीस मुलं डोळ्यांसमोर आणा. यातली चार-पाच लक्षणं एकाही मुलात नाहीत असं होईल का? आणि मग द्विध्रुवी विकाराचं जे खास लक्षण, पाळ्यांनी येणं, तेच सैल केलं जातं. मुलांमध्ये मनःस्थिती दिवसातून अनेकदा पालटते असं म्हटलं की संध्याकाळची प्रत्येक रडारड ही एक पाळी ठरते. सलग चालणारी चिडचिडही मग ‘द्विध्रुवी’ होते.

हे एकट्या पापोलोस दांपत्याचं काम नव्हतं. १९९५ साली बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून जेनेट वोझ्नियाक, जोसेफ बीडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उपचारांसाठी आलेल्या, बारा वर्षं व त्याखालच्या २६२ मुलांपैकी ४३ जणांना, म्हणजे १६ टक्क्यांना, उन्मादाचे निकष लागू पडतात असं त्यांना आढळलं. या ४३ पैकी एक वगळता सगळ्यांना एडीएचडीही होता. म्हणजे ९८ टक्के! एवढा आकडा पाहिल्यावर विज्ञानाच्या शिक्षकाला काय सुचावं? मला तरी पहिली शंका अशी येते की हे दोन आजार एकत्र सापडले, की एकच गोष्ट दोन फुटपट्ट्यांनी मोजली गेली? त्या मुलांमध्ये आनंदाच्या उधाणापेक्षा चिडचिड ठळक होती, आणि ती सलग होती.

इथे जुन्या एमिल क्रेपेलिनची आठवण होते. १८९९ साली त्याने ‘उन्माद-अवसाद’ हा आजार इतर मनोविकारांपासून वेगळा काढला तो त्या दिवशीच्या लक्षणांवरून नव्हे. हायडेलबर्गच्या रुग्णालयात तो प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवी आणि वर्षानुवर्षं पुढे काय होतं ते पाही. आजाराची चाल हीच त्याची कसोटी. १९९४च्या अमेरिकन निदानपुस्तिकेतही उन्मादासाठी ‘नेहमीपेक्षा वेगळा, निदान आठवडाभराचा काळ’ ही अट होती. ती पुसली कोणीच नाही. मुलांच्या बाबतीत नुसता काणाडोळा झाला.

परिणाम आकड्यांत आहे. अमेरिकेत द्विध्रुवी निदानाने मुलांनी व किशोरांनी डॉक्टरांकडे मारलेल्या खेपा १९९४-९५ मध्ये दर लाखामागे वर्षाला २५ होत्या, २००२-०३ मध्ये १००३. आठ वर्षांत ४० पट! मेंदूचे आजार असे वाढत नाहीत, निदानं वाढतात. इंग्लंडमध्ये असं काही घडलं नाही. तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २००६ साली सांगितलं की वयात न आलेल्या मुलांत हे निदान करायचं तर चिडचिड पुरेशी नाही, उन्मादाचा हर्ष दिसलाच पाहिजे. इकडे अमेरिकेत लहान मुलांना वजन वाढवणारी, शरीराची चयापचयक्रिया बिघडवणारी औषधं दिली जात होती. २००८ साली अमेरिकन सिनेटच्या चौकशीत बाहेर आलं की बीडरमन यांना २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून सुमारे १६ लाख डॉलर मिळाले होते आणि त्यातला बराच भाग त्यांनी विद्यापीठाला कळवला नव्हता. पैशाने संशोधन खोटं ठरतं असं मी म्हणणार नाही. मोजपट्टीतला दोष पैशाशिवायही दिसतोच.

तो दोष उघडा पाडला तो एका साध्या प्रयोगाने : थांबून पाहण्याच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एलन लायबेनलुफ्ट यांच्या गटाने दोन प्रकारची मुलं वेगळी केली. एका गटात पाळ्यांनी येणारा खरा द्विध्रुवी विकार असलेली ९३ मुलं, दुसऱ्या गटात सतत चिडणारी आणि अतिचंचल अशी ८४. सुमारे सव्वादोन-अडीच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पहिल्या गटातल्या ५८ जणांना या काळात उन्माद किंवा तत्सम पाळी आली. दुसऱ्या गटात फक्त एकाला. हा निबंध २०१० सालचा. अशी सतत चिडणारी मुलं मोठी झाल्यावर नैराश्याकडे आणि चिंतेकडे झुकतात, उन्मादाकडे नाही, असंही दिसलं. २०१३ साली निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या मुलांसाठी वेगळं नाव आलं आणि त्याला अट घातली गेली ती काळाची : आठवड्यातून सरासरी तीन वा अधिक उद्रेक, तेही किमान वर्षभर. या नव्या नावाने सगळे प्रश्न सुटले असं मात्र नाही. नाव बदललं की औषध बदलतंच असं थोडंच आहे?

तर मग दोन्ही विकार एकाच माणसात नसतातच का? असतात. प्रौढांवरच्या अभ्यासांचा २०२१ साली एकत्रित आढावा घेतला गेला. एडीएचडी असलेल्या साधारण तेरापैकी एकाला द्विध्रुवी विकारही असतो, आणि द्विध्रुवी विकार असलेल्या सहापैकी एकाला एडीएचडी, असा त्याचा हिशेब. अशा माणसाच्या आयुष्यात चंचलतेचा एक सलग पट असतो आणि त्यावर पाळ्यांच्या लाटा येतात. दोन्ही ओळखल्याशिवाय उपचार जमत नाहीत. २०१७ साली छापला गेलेला स्वीडनमधला अभ्यास इथे बोलका आहे. द्विध्रुवी विकार असलेल्या प्रौढांना मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाविना मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक दिलं तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका सुमारे साडेसहा पटींहून जास्त वाढला. आधी स्थिर ठेवणारं औषध चालू असलेल्यांत तो वाढला नाही. म्हणजे पापोलोस यांचा इशारा खरा होता. इशारा कोणाला लागू आहे हे ओळखण्याची त्यांची रीत मात्र चुकली.

‘द बायपोलर चाइल्ड’ शाळेच्या ग्रंथालयात असावं का, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. असावं, पण लक्षणांच्या यादीची पानं डॉक्टरांसाठी सोडून द्यावीत आणि शाळेविषयीचं प्रकरण वाचावं, असं मी सांगितलं. निदान करणं हे आपलं काम नाही. पण डॉक्टर मुलाला अर्धा तास पाहतात, आणि शाळेकडे पाचवीपासूनच्या आठवणी असतात, हजेरीपट असतात, जुन्या वह्या असतात.

तसा कागद आता माझ्याकडे आला की तो भरण्याआधी मी खालच्या वर्गांच्या शिक्षकांकडे चक्कर मारतो. मग कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो : हे केव्हापासून दिसतं, मध्ये कधी थांबलं होतं का, आधी मूल कसं होतं, झोपेबद्दल घरचे काय म्हणतात. आतापर्यंत असे सात कागद गेले. एका डॉक्टरबाईंनी फोन करून आणखी अर्धा तास विचारलं. बाकीच्यांनी मागची बाजू पाहिली की नाही, मला कळलेलं नाही.